धुतलेली हाडं

नोकरीच्या पहिल्याच तासाला माझ्या हातून अकरा बेडूक मेले. मानेमागच्या खाचेत सुई घालायची, आत फिरवायची, बेडूक एकदा ताठ होतो आणि मग सैल पडतो. समोर मुलं बघत असतात, त्यामुळे हात थरथरून चालत नाही. माझा थरथरला नाही. मुळात मी तापट. लहानपणी भावाच्या डोक्यात पाटी घातली होती, ती खूण त्याच्या कपाळावर अजून आहे. त्यामुळे बेडूक मारताना मला रडू येईल म्हणून जे वाट बघत होते त्यांची निराशा झाली.

राज्यांची फेररचना होऊन दोनेक वर्षं झाली होती. माझे वडील ग्वाल्हेर दरबाराच्या नोकरीत लागलेले. तो शिक्का गेला, मध्यभारताचा आला, तो वाळतो न वाळतो तोच मध्यप्रदेशाचा आला. या तिन्ही शिक्क्यांखाली वडील एकाच टेबलावर बसून तेच जमिनीचे कागद लिहीत राहिले. उज्जैनला राजधानी मिळाली नाही, कचेऱ्या भोपाळला निघाल्या, पण विद्यापीठ मिळालं. विद्यापीठाला मात्र घर नव्हतं. म्हणून संस्थानाच्या काळातली एक जुनी कोठी दिली आणि जगातल्या सगळ्या विद्या तिच्यात कोंबल्या.

दरबार हॉलमध्ये कपाटं आडवी लावून नऊ विभाग केले होते. कपाटं डोक्याएवढी, छत तीन माणसं उंच. त्यामुळे कुणाचंच काही कुणापासून लपत नसे. आमच्या प्राणिशास्त्राच्या पलीकडे रसायनवाले गिरण्यांचे रंग उकळत. तिथल्या एका संशोधकाच्या तोंडासमोर एकदा चंबू फुटला आणि गालातली काच आमच्या चिमट्याने मी काढली. त्यांच्या शेजारी संस्कृतचे शास्त्रीबुवा प्राचीन युद्धशास्त्रावर लिहीत होते. व्यूह कसा फोडावा हे ते छत्री घेऊन करून दाखवत, आणि छत्रीच्या टप्प्यात जो येईल तो शत्रू. हिंदीचे एक सज्जन माळव्यातल्या लग्नात बायका व्याह्यांना गाऊन ज्या शिव्या देतात त्या गोळा करत. दुपारी ते त्या मोठ्याने वाचून तपासू लागले की शास्त्रीबुवा कानात बोटं घालून व्हरांड्यात जात. मानसशास्त्राचे गृहस्थ घड्याळ घेऊन शाळाशाळांतून हिंडत. छडी खाल्लेला मुलगा गणित लवकर सोडवतो की न खाल्लेला, हा त्यांचा विषय होता. अर्थशास्त्राचा एक बारीक, चष्मेवाला तरुण गिरणी कामगारांची तुटलेली बोटं मोजत होता. कुठल्या यंत्रात, कुठलं बोट, कितव्या पेरापर्यंत, अशी त्याची लांबलचक यादी होती आणि जेवणाच्या वेळी तो ती शांतपणे वाचून दाखवायचा.

फेररचनेवर लिहिणारा राज्यशास्त्राचा माणूस आणि इतिहासाचा माणूस तर एकदा नकाशावरून हातघाईवर आले. बऱ्हाणपूर कुणाचं, यावरून सुरुवात झाली. राज्यशास्त्रवाल्याने इतिहासवाल्याला म्हटलं, तुम्हा मराठ्यांना आता आपल्या मुंबईला जायला काय हरकत आहे. इतिहासवाल्याने दौत फेकली. दौत चुकली आणि आमच्या जतन केलेल्या अजगराच्या बरणीवर फुटली. त्या बरणीवर निळा डाग शेवटपर्यंत राहिला.

विद्या म्हणजे शांतपणे करायचं काम, असं माझ्या वडिलांना वाटे. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. घरी आईचा आधीच जाच होता. माधव नगरातल्या आमच्या घराच्या मागच्या दाराशी एक बादली भरून ठेवलेली असे. मी कोठीतून आले की आधी तिथं अंघोळ, मग घरात पाऊल. हाडाला शिवलेली मुलगी तशीच स्वयंपाकघरात आली तर आई चुलीतलं लाकूड घेऊन धावून येई. एकदा घाईत मी पाण्याच्या हंड्याला हात लावला तर तिने तो हंडा अंगणात पालथा केला आणि माझ्या पाठीत दोन धपाटे घातले. तेव्हा मी तेवीस वर्षांची, एम. एस्‌सी. झालेली होते. मी खाल्ले, कारण तिचा हात मोडून मला घरात राहता आलं नसतं. पण तेव्हापासून माझ्या अंगात हे भिनलं की हाड धुतल्याशिवाय ते कुठेही ठेवायचं नाही.

आमच्या विभागातही हाच नियम होता. प्राणिशास्त्रात मळकं हाड हे हाडच नव्हे. सोड्याच्या कोमट पाण्यात घालायचं, ब्रशाने घासायचं, गच्चीवर पोत्यावर वाळवायचं आणि मग जातीप्रमाणे लावायचं, बैलाचं बैलाकडे, शेळीचं शेळीकडे. हे काम माझ्याकडे होतं आणि मी ते चोख करत असे. नोकरी वर्षाच्या बोलीची होती. वर्ष संपलं की कायम करणार की काढणार ते ठरायचं होतं. काढलं असतं तर आईने मला एका विधुर स्टेशनमास्तरच्या गळ्यात बांधायचं ठरवूनच ठेवलं होतं. त्यामुळे हाडं घासणं हे माझं जगणं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

पुरातत्त्वाचा संशोधक आमच्यातलाच, मराठी. दरबारात पिढ्यान्‌पिढ्या मानाचं काम केलेल्या घरातला. देखणा होता, ताठ चालायचा आणि खाली लोखंडी टोक असलेली मोजणीची लाल-पांढरी काठी कायम हातात ठेवायचा. गावाबाहेर नदीकाठच्या एका टेकाडावर तो दोन हिवाळे खणत होता. त्याचं म्हणणं असं, की तिथं एक जुनी वस्ती होती आणि ती एका दिवसात कापून जाळून टाकली गेली. राखेचा थर त्याला मिळाला होता. पण राख काय, चुलीचीही असते. मग दुसऱ्या हिवाळ्यात त्याला त्या राखेतच एक कवटी मिळाली, कपाळावर डाव्या बाजूला अंगठ्याएवढा लांब घाव. घावाच्या आत राख आणि माती घट्ट बसलेली. म्हणजे घाव आगीच्या आधीचा, म्हणजे कुऱ्हाडीचा, म्हणजे कत्तल. सगळा प्रबंध त्या एका घावावर उभा होता. चहाच्या वेळी तो कुऱ्हाड कशी आली, माणूस कसा वळला, कसा पडला हे सांगे, आणि शास्त्रीबुवा छत्री उगारून त्याला साथ देत. ऐकायला आम्हाला सगळ्यांनाच आवडे. मलाही आवडे.

मजुरांना तो त्याच काठीने मारतो हेही सगळ्यांना माहीत होतं. कुणाच्या हातून मडकं फुटलं तर काठी पाठीवर. एकाच्या कानावर बसली तेव्हा कानातून रक्त आलं होतं. हे त्याने स्वतःच सांगितलं होतं, शिस्त म्हणून. आम्ही चहा पीत होतो. पीत राहिलो, मीही.

पावसाळा लागता लागता त्याने हाडांची दोन पोती आमच्याकडे पाठवली. जनावरांची हाडं कुठली ते सांगायचं आणि कवटी बाईची की पुरुषाची, किती वयाची, ते बघायचं. वर चिठ्ठी होती, ओळख पटवून द्यावी. तो स्वतः परवानग्यांसाठी भोपाळला गेला होता आणि आमचे विभागप्रमुख परीक्षा घ्यायला आग्र्याला. मी एकटीच होते. पोत्यांत लहान लहान कापडी पिशव्या, प्रत्येकीत हाडांबरोबर मूठभर माती आणि एक कागदाचा कपटा, त्यावर आकडे. मला वाटलं, किती घाणेरडं काम करतात हे लोक.

मी सगळं धुतलं. तीन दिवस धुतलं. कमरेला पदर खोचून, दातांचा ब्रश घेऊन, एकेक. माती मोरीत गेली. काही हाडं इतकी ठिसूळ होती की हातातच विरली. उरलेली गच्चीवर वाळवली आणि टेबलावर मांडली, बैल एका ओळीत, शेळ्या एका ओळीत, एक घोड्याचा दात, हरणाची शिंगं. ते सगळे कपटे नीट पुसून एका वाटीत घातले. कवटी मध्यभागी ठेवली, लख्ख घासलेली. मला फार अभिमान वाटला. आता विभागप्रमुख येऊन बघतील आणि मला कायम करतील, असं मनाशी म्हणत होते.

बघायला आधी तो आला.

तो दारात उभा राहिला आणि टेबलाकडे बघत राहिला. मग वाटीतले कपटे त्याने मुठीत घेतले. त्याच्या शास्त्रात कुठलं हाड कुणाचं याला दुय्यम महत्त्व. कुठलं हाड कुठल्या थरातून आलं हे पहिलं. तो थर त्या कपट्यावर लिहिलेला होता आणि कुठला कपटा कुठल्या हाडांबरोबरचा, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. माती, जी मी मोरीत ओतली, ती त्याचा पुरावा होती. हे मला त्या क्षणी कळलं नाही, नंतर कळलं. त्याने हे लिहून कळवलं नव्हतं, कारण शहाणा माणूस हाड धुईल हे त्याच्या डोक्यातच आलं नसणार. आणि न धुता कुणी ठेवील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“बाई, तुम्ही माझी दोन वर्षं मोरीत घातलीत,” तो म्हणाला, अगदी हळू.

मग त्याने काठी फिरवली. पहिला फटका टेबलावर बसला, शेळ्यांची ओळ उडाली. दुसरा माझ्या मनगटावर. हाताला मुंग्या आल्या आणि डोळ्यांसमोर लाल झालं. मी समोर होतं ते उचललं, ते बैलाच्या मांडीचं हाड होतं, आणि त्याच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला. त्याने माझी वेणी धरली. मी त्याच्या हाताला चावले, दात हाडापर्यंत जाईस्तोवर. तोवर कपाटांपलीकडून सगळ्या विद्या धावत आल्या. रसायनवाल्यांनी त्याला धरलं, शिव्यांवाल्या सज्जनांनी त्याला त्यांच्या संग्रहातली एक अस्सल शिवी घातली, शास्त्रीबुवा मध्ये पडले आणि आमच्या दोघांचाही मार त्यांनी खाल्ला. मानसशास्त्राच्या माणसाने, मी शपथेवर सांगते, घड्याळ बघितलं.

चौकशी समिती नेमली गेली. कुलसचिव, रसायनाचे प्राध्यापक आणि शास्त्रीबुवा. त्याने मला मारलं हे बाजूलाच राहिलं. प्रश्न एवढाच होता, की संशोधनाचा पुरावा नष्ट करणाऱ्या बाईला ठेवायचं की काढायचं. आमचे विभागप्रमुख आग्र्याहून आले आणि म्हणाले, मी तर इथं नव्हतोच. चौकशीला चार दिवस होते. आई म्हणाली, बरं झालं, आणि स्टेशनमास्तरला निरोप धाडला.

मोडकी हाडं गोळा करताना कवटी माझ्या हातात आली. ती वाचली होती. खिडकीशी नेऊन मी पहिल्यांदाच ती नीट बघितली. सगळी कवटी चहाच्या पाण्याच्या रंगाची, शतकानुशतकं मातीत मुरलेली. जिथं जिथं जुनं फुटलं होतं तिथं फुटीच्या कडाही तशाच तपकिरी. पण कपाळावरचा तो घाव आतून पिवळट पांढरा होता, आताच फोडलेल्या खोबऱ्यासारखा. आमच्याकडे रोज हाडं मोडतात, मला हा रंग झोपेतही ओळखता आला असता. मातीत मुरलेलं हाड नव्याने मोडलं की आतून असं दिसतं. ज्याच्या कपाळावर हा घाव बसला तो माणूस तेव्हा जिवंत नव्हता. मेल्याला शतकं लोटली होती. घाव दोनेक वर्षांतला होता आणि कुदळीचा होता.

मी कवटी हातात घेऊन उभी असतानाच बेडूकवाला आला. चाळिशीचा, रापलेला माणूस, नदीपलीकडच्या वस्तीतला. पावसाळ्यात तो आम्हाला बेडूक आणून द्यायचा आणि हिवाळ्यात टेकाडावर खणायला जायचा. त्याने पोतं खाली ठेवलं, माझ्या हातात काय आहे ते बघितलं आणि तिथंच उकिडवा बसला. मी काही विचारलं नव्हतं. तरी त्याने सगळं सांगितलं. कुदळ घातली तेव्हा खट्ट आवाज आला होता. आदल्याच दिवशी त्या दुसऱ्या मजुराच्या कानातून रक्त आलेलं त्याने पाहिलं होतं. म्हणून पिण्याच्या लोट्यातलं पाणी घेऊन त्याने तिथलीच राख आणि माती कालवली आणि भेगेत दाबून बसवली, बाईने भिंतीचं भोक लिंपावं तशी. दुपारपर्यंत ती वाळली. मग साहेब आला, कुंचल्याने वरची माती झाडली, घाव पाहिला आणि आनंदाने वेडा झाला. त्याने बेडूकवाल्याला सगळ्यांदेखत मिठी मारली.

“म्हने गले लगायो, बेनजी,” तो म्हणाला. “फेर कांईं केतो?”

मिठी मारणाऱ्या माणसाला काय सांगणार. मला म्हणाला, कुणाला बोलू नका, हिवाळ्याचं काम जाईल आणि जीवही जाईल. मी म्हटलं, नाही बोलणार. अगदी स्पष्ट म्हटलं. मला त्याची दया आली होती आणि त्या काठीचा राग माझ्या मनगटावर अजून हिरवानिळा होता. तो गेल्यावर मी विचार केला, की तोंड उघडलं तर नोकरी वाचते, मिटलं तर स्टेशनमास्तर. चार दिवस मी हेच दळत होते. मिटायचं ठरवलं. हे मी माझ्या बाजूने सांगून ठेवते, की समितीसमोर गेले तेव्हा ठरवून गेले होते, बोलायचं नाही.

समिती दरबार हॉलच्या टोकाला बसली होती. कपाटांपलीकडे प्रत्येक विभाग श्वास रोखून ऐकत होता. तो आधी बोलला, ओठावर पट्टी लावून. खरं सांगायचं तर तो चांगला बोलला. थर म्हणजे काय, माती म्हणजे काय, एक कपटा हलला तर हजार वर्षं कशी हलतात. मला पहिल्यांदाच कळलं की मी काय केलं होतं आणि माझी मान खाली गेली. माझ्याकडून चूक झाली, असं मी म्हणणार होते. तोंडावर आलंच होतं.

तेवढ्यात तो कुलसचिवांकडे वळून हसून म्हणाला, यांचा तरी काय दोष, बायकांच्या हाताला भांडी घासायची सवय, हाड दिसलं तरी घासणार. कुलसचिव हसले. शास्त्रीबुवाही हसले. कपाटांपलीकडे कुणीतरी खुसखुसलं.

माझं डोकं फिरलं. भावाच्या डोक्यात पाटी घालताना फिरलं होतं तसंच. मी कवटी उचलून त्यांच्या टेबलावर आदळावी तशी ठेवली.

“घासली म्हणूनच दिसतंय,” मी म्हणाले. “हा घाव तुमच्या कुऱ्हाडीवाल्याचा नाही. तुमच्याच कुदळीचा आहे.”

मग रंग दाखवला, जुन्या कडा दाखवल्या, नव्या दाखवल्या. आमच्याकडचं गेल्या आठवड्यात मोडलेलं एक जुनं हाड आणून शेजारी ठेवलं. रसायनाच्या प्राध्यापकांनी भिंग मागवलं, खूप वेळ बघितलं, आणि मान डोलावली. बाई म्हणतात ते बरोबर आहे, म्हणाले. कपाटांपलीकडे एकदम गलका झाला. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. हे मी स्वतःला नंतर शेकडो वेळा सांगितलं, की मी नाव घेतलं नव्हतं.

नाव त्याच्या वहीत होतं. त्याचं शास्त्र तसंच होतं. रोज सकाळी कुठल्या चौकोनात कोण उतरला, कुणाच्या हातात कुदळ, कुणाच्या हातात खुरपं, सगळं तारीखवार, वळणदार अक्षरात. त्याने तिथंच टेबलावर ती वही उघडली. त्याचं बोट पानावरून खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं. ते थांबलेलं मी बघितलं. त्याने वही मिटली, काठी उचलली आणि समितीची परवानगीही न घेता निघून गेला.

मी उठायला हवं होतं. पण कुलसचिव म्हणत होते, तुम्हाला कायम करायला आता काही हरकत दिसत नाही. शास्त्रीबुवा म्हणत होते, मुलगी विदुषी आहे. चहा आला. मला खुर्ची दिली गेली, त्या टेबलाशी, पहिल्यांदाच. मागच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. तिथं विद्यार्थी रोजच मारामाऱ्या करत. मी कप उचलला. मला ठाऊक होतं त्या दिवशी बेडूक येणार होते. मला ठाऊक होतं, आणि मी तो चहा पूर्ण प्यायले.

गेले तेव्हा अंगणभर बेडूक उड्या मारत होते. पोतं फाटलं होतं. हौदाच्या दगडी काठावर रक्त होतं, बरंच, आणि काही बेडूक त्यावरून उडी मारून गेल्याने फरशीवर लहान लहान लाल ठसे उमटले होते. बेडूकवाला हौदाला टेकून बसला होता, उजवा हात काखेत दाबून. त्याचा हात काठावर ठेवायला लावून त्यावर काठी मारली होती, लोखंडी टोकाने, तीनदा. मी हात काखेतून सोडवला. तर्जनी, मध्यमा, अनामिका. कातडी फाटून हाड बाहेर आलं होतं आणि ते आतून कसं दिसतं हे मला दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती.

काठी हौदात टाकलेली होती. ती मी बाहेर काढली आणि मोडायला पायरीवर आपटली. ती मोडली नाही, सागवानी होती. माझंच दुखरं मनगट मुरगळलं. मी त्या संशोधकाला शोधत कोठीभर हिंडले, सापडला असता तर मी त्याचा जीव घेतला असता, पण तो मागच्या फाटकातून टांग्याने कधीच गेला होता. सगळे विभाग अंगणात जमले होते. बोटं मोजणारा तरुण चष्मा पुसत हाताकडे बघत होता. मी त्याच्यावर ओरडले, लिहा ना आता, लिहा यादीत. तो म्हणाला, हा गिरणीचा नाही, बहनजी, माझ्या यादीत नाही बसत. आणि तो रडायला लागला.

देवास गेटपाशी टांगा मिळाला. त्यात घालून मी बेडूकवाल्याला दवाखान्यात नेलं. वाटेत मी बडबडत होते, मी नाव घेतलं नव्हतं, त्याच्या वहीतच होतं, मी पोलिसांत साक्ष देईन. तो ऐकत होता. टांगा दवाखान्याशी थांबल्यावर तो बोलला, आवाजात राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही.

“सांची बात तमने करी, बेनजी. पण हाथ तो म्हारो थो.”

पोलिसांना त्याने सांगितलं, हौदावर पाय घसरला. हिवाळ्यात टेकाड पुन्हा खणायचं होतं, साहेब हा नाहीतर दुसरा कुणी असणारच होता. माझी साक्ष कुणी लिहून घेतली नाही. त्या संशोधकाचा प्रबंध पुढे मंजूर झाला, कत्तलीचं प्रकरण तेवढं त्यातून गळालं, आणि तो दुसऱ्या शहरात चांगल्या जागेवर गेला. आईने स्टेशनमास्तरला नकार कळवला. मला कायम केलं.

बेडूकवाल्याची बोटं वाकडी जुळली. कुदळ त्याला पुन्हा धरता आली नाही. बेडूक डाव्या हाताने धरायला तो शिकला आणि पुढची कितीतरी वर्षं आमच्याकडे येत राहिला. मला बघून दोन्ही हात जोडायचा. उजव्याची तीन बोटं डाव्याला टेकायची नाहीत. मी आधी पाणी द्यायचे, मग पोतं घ्यायचे.

कवटी आमच्या कपाटात राहिली. जुनी फूट आणि नवी फूट कशी ओळखायची, हा धडा मी तिच्यावर दरवर्षी घेत असे. मुली विचारायच्या, हे पहिल्यांदा कुणी ओळखलं, बाई? मी ओळखलं, असं मी सांगायचे. खोटं नव्हतं ते. पण तो तास मी नेहमी दाराकडे पाठ करून घ्यायचे, कारण बेडकांचं पोतं त्याच दारातून यायचं, डाव्या हातात.